समाजमंदिरातलं खोटं मशीन

"हे मशीन खोटं हाय! मागं वायर कुठीच नाही जात, पाहा येऊन कोनीबी!"

शेखर समाजमंदिराच्या मधोमध उभा राहून ओरडला तेव्हा त्याच्या एका हातात निळ्या लाइटचा स्पीकर होता, वरातीत पोट्टे टेम्पोवर बांधतात तसला, आन् दुसऱ्या हातात काळ्या चिकटपट्टीचा गोळा. तो स्पीकर त्यानं आत्ताच माणूस आत मावन अशा त्या मोठ्या पांढऱ्या नळीच्या मागून उपटून आणला होता. नळीतून येणारी ढर्र ढर्र, टक टक टक आता त्याच्या हातातून येऊन राह्यली होती.

"हो," अर्पिता मॅडम म्हणल्या. "खोटंच आहे."

शेखर अडकला. समोरचा 'नाही' म्हणन, या तयारीनं माणूस भांडाले येते. त्यानं 'हो' म्हणलं की पुढचं वाक्यच उरत नाही.

"पाह्यलं? पाह्यलं का?" तो भिंतीले टेकून बसलेल्या बायांकडं वळला. "सोताच्या तोंडानं सांगून राह्यल्या खोटं हाय म्हनून!"

"शेखर, आधी तो आवाज बंद कर," मॅडम म्हणल्या. "चिंतामण आत आहे. त्याला—"

"त्याचं नाव नका घेऊ तुमी!"

चिंतामण आत होता. शेखरचा मोठा भाऊ, एकोणीस वर्षांचा, शेखरपेक्षा वीतभर उंच, ओठावर मिशी. त्याले ऑटिझम होता. गावात, सोनाळ्यात, कोणी त्याले येडा म्हणे, कोणी भोळा, आन् शेखर जवळपास असला तं कोणी काहीच म्हणत नसे. तोंडून निघाले तं तीन-चार शब्द, तेही त्याच्या मर्जीनं. एका जागी तो कधी टिकत नसे. आन् आता नळीतून फक्त त्याचे पाय दिसून राह्यले होते, बाजूबाजूले ठेवलेले, एकदम गप्प.

त्या गप्प पायायनंच शेखरचं डोकं फिरलं. काहीतरी केलं यायनं त्याले. त्यानं स्पीकर खाली टाकला, दोन्ही घोटे धरले आन् जोरात ओढलं. खालची फळी चाकावरची होती. ती सुसाट बाहेर आली, आन् नळीच्या काठाचा ठोका चिंतामणच्या कपाळावर बसला.

चिंतामण रडला नाही. त्याच्या घशातून घासल्यावानी आवाज निघाला आन् त्यानं सोताचं मनगट दातात धरलं. शेखर जवळ गेला, "भाऊ, मी हाय, मी हाय," म्हणत. हे म्हणलं की तो दरवेळी थांबे. यावेळी त्यानं शेखरच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आन् असा ढकलला की शेखर मागच्या सतरंजीवर आपटला.

"काय केलं बे तू हे!" माय धावत आली. रेणुकाबाईचा पदर खांद्यावरून घसरला होता, पण तिचं ध्यान चिंतामणच्या मनगटाकडं. "चांगला पडून होता तो. चांगला पडून होता नं!"

"माय, खोटं मशीन हाय ते!"

"अरे, ते सरावाचं आहे," मॅडम म्हणल्या. त्या चिंतामणपासून दूरच उभ्या होत्या, हात खाली ठेवून. "खरं मशीन अकोल्याला, दवाखान्यात. मेंदूचा फोटो काढायला त्यात बराच वेळ हलायचं नसतं, आणि आवाज मोठा असतो. मुलं घाबरतात. म्हणून आधी इथे सवय करायची. आवाज खऱ्या मशीनचाच आहे, रेकॉर्ड केलेला."

"पकडल्या गेल्यावर सगळेच असं सांगतात."

"म्या घरोघरी सांगतलं होतं, शेखर," दीपमालाताई म्हणली. ती गावची आशा सेविका. पुण्याहून आलेल्या या लोकायले गावात तिनंच आणलं होतं. "तुह्या मायले सांगतलं. तू वावरात होता."

"मले वाटलं आंदी लहान मशीन, मंग मोठं," माय बारीक आवाजात म्हणली.

पण ऐकते कोण. बाया उठल्या होत्या. एकीनं लेकरू कडेवर घेतलं, दुसरीनं चपला शोधल्या. वच्छलाबाई दारातून म्हणली, "पोट्टं म्हन्ते ते खोटं नसंल माय, मलकापूरचं त्यानंच काढलं होतं बाहीर." आन् समाजमंदिर रिकामं झालं.

मलकापूरचं म्हणजे असं. गेल्या साली तिथं एका दुकानाच्या माडीवर डोकं तल्लख करणारं केंद्र निघालं होतं. हेल्मेटसारखी टोपी, आतून हिरवे लाइट. मेंदूतल्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, पोट्टा दिवाळीपर्यंत बोलाले लागते, असं तिथला माणूस छातीवर हात ठेवून सांगे. माय दर आठवड्याले चिंतामणले घेऊन जाय. गुरुवार धरले तिनं. चिंतामण ती टोपी फेकून दे, आन् तो माणूस म्हणे, हे चांगलं लक्षण हाय. शेखरनं एक दिवस टोपी मांडीवर घेतली, खिशातल्या पेचकसानं खोलली. आत दोन सेल आन् खेळण्यातली बल्बची माळ. त्या माणसाच्या टेबलावर त्यानं सगळं मांडलं, मंग टेबलही उलटं केलं. पंधरा दिवसांत केंद्र गायब झालं.

तेव्हापासून शेखरले एक कळलं होतं. चिंतामणसारख्याच्या घरी जो हसत येते, तो काहीतरी काढाले येते. आवळा देऊन कोहळा. एकानं देवाचं नाव घेऊन काढला, एकानं जडीबुटीचं, एकानं सेलवरच्या टोपीचं. आन् आता या मॅडम, पुण्याच्या, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. त्यायले तं मेंदूचाच फोटो पाहिजे होता. फोटो काढून काय करता? कोणाले देता? डाळीत काळं नाही, डाळच काळी होती.

शेखरचं सोताचं शिक्षण नववीत थांबलं होतं. एका मास्तरानं फळ्यापुढं उभं करून म्हणलं, तुह्या भावासारखाच तूही येडा निंघणार. शेखरनं डस्टर फेकून मारलं, दप्तर तिथंच ठेवलं आन् घरी आला. तसाही बाकावर त्याचा पाय कधी थांबला नव्हता. मंग वावर, भाजीपाला, आन् चिंतामण. चिंतामणले आंघोळ घालणं, दाढी करणं, वावरात सोबत नेणं, रस्त्यात गाडी आली की त्याचा दंड धरणं, हे सगळं शेखरचं. दुसऱ्या कोणाले चिंतामण हात लावू देत नसे. दाढीले तं मायलेही नाही.

नळीतून ओढलं त्या दिवसापासून तो शेखरलेही लावू देईना.

ताट शेखरनं ठेवलं तं ते तसंच राहे. मायनं तेच ताट उचलून परत ठेवलं की खाय. शेखर खोलीत आला की चिंतामण उठून दुसऱ्या खोलीत. आंघोळीचं पाणी काढलं तं त्यानं बादलीच लाथाडली. दाढी वाढली, खाजवून खाजवून हनुवटीवर लाल चट्टे उमटले. आन् दुपारच्याले एक नवीनच सुरू झालं. चिंतामण बाजेखाली शिरे, उताणा पडे, हात अंगाले चिकटवून, पाय बाजूबाजूले. डोळे मिटून तोंडानं आवाज काढे. ढर्र ढर्र. टक टक टक.

"पाह्य," शेखर मायले म्हणला. "पाह्य, काय करून टाकलं त्यायनं याचं. मशीन घुसलं डोक्यात."

माय मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं बाजेखाली वाकून पाह्यलं आन् मंग शेखरकडं पाह्यलं.

"तो निजून राह्यला बे. दिवसा निजला का कधी तो, इतक्या वर्सात?"

"हे निजनं नोहे. गुंगी हाय."

"तुले सगळ्यातच गुंगी दिसते."

इंद्रभान, त्यायचा बाप, मोजकं बोलणारा माणूस. ढेमसायच्या कॅरेटवर ओलं पोतं टाकता टाकता तो म्हणला, "शेखऱ्या, माह्यानं आता ह्या पोट्ट्याले आवरनं होत नाई. परवा रस्त्यावर निंगाला, तं मले ओढत नेलं त्यानं. तुह्यापाशी तो राहत होता म्हनून घरी होता. नसंल राहत, तं मंग बाहीरगावी कुठीतरी ठेवा लागंन. अशा लेकरायच्या जागा असतात म्हने."

"कोन म्हने?"

"म्हन्ते कोनीतरी."

"कोनाले विचारलं तुमी? त्या मॅडमले?"

बापानं कॅरेट उचललं. पण शेखरच्या डोक्यात तार जुळली. आंदी भावाभावांत तोडायचं, मंग लेकरू घरात जड होऊ द्यायचं, मंग अलगद उचलून न्यायचं. मशीन खोटं, फोटो खोटा, खरं काम हेच असंन. तो तसाच उठला आन् समाजमंदिराकडं गेला. दारातून नाही, मागच्या खिडकीतून पाह्यलं त्यानं. चोराची पावलं चोराच्याच वाटेनं पाहावी.

आत इरा होती, वच्छलाबाईची नात, सहा वर्षांची, तीही चिंतामणसारखीच. म्हणजे दारातून बोलून गेलेली वच्छलाबाई गुपचूप परत आली होती. पण फळीवर इरा नव्हती. फळीवर मॅडम उताण्या पडल्या होत्या, केसाले चिमटा नाही, कानात बाळ्या नाहीत, आन् इरा ती फळी ढकलून त्यायले नळीत घालून राह्यली होती. घाले, काढे. घाले, काढे. मॅडम आतून म्हणत, "अजून थोडं. हां. आता हलू का?" इरा मान जोरजोरात हलवून 'नाही' म्हणे आन् खिदळे.

शेखरनं खूप पाह्यलं. कोणाले टोचणं नाही, पाजणं नाही. वच्छलाबाई कोपऱ्यात वाती वळून राह्यली होती.

"खिडकीत ऊन लागत असेल," फळी बाहेर आली तशा मॅडम म्हणल्या. "आत ये."

शेखर आत गेला. वच्छलाबाईनं वाती चाचपल्या आन् दुसरीकडं पाह्यलं.

"एकच विचारतो," शेखर म्हणला. "चिंत्याले याच्यातून काय भेटन?"

मॅडम फळीवर उठून बसल्या. "त्याला? बहुतेक काही नाही."

"म्हंजे?"

"फोटो पाहून तो बोलेल की नाही, हे सांगता येत नाही. औषध निघणार नाही. मेंदूत वेगळंच काही, म्हणजे गाठ वगैरे दिसली, तर डॉक्टर तुम्हाला सांगतील. एवढंच."

मलकापूरच्या माणसानं दिवाळी सांगतली होती. त्याच्या आंदीच्यानं तीन अमावस्या. जडीबुटीवाल्यानं तं शब्दसुद्धा सांगतला होता, पहिला कोणता निंघन तो. आन् हे बाई सरळ म्हणून राह्यली, काही नाही. शेखरचा संशय कमी नाही झाला. वाढला. काहीच कबूल न करणारा माणूस जास्त हुशार.

"तं मंग तुमाले काय भेटते?"

"पगार मिळतो. आणि नशीब असेल तर उत्तर." त्यायनं इराले पाण्याची बाटली दिली. "बघ, मेंदू जन्मला तसा राहत नाही. वाढतो. ऑटिझम असलेल्या काही मुलांचा लहानपणी जरा घाईनं वाढतो, असं दिसलंय. सगळ्यांचा नाही. मग वेग कमी होतो. मोठं होताना मेंदूतली जास्तीची जोडणी गळत जाते, सगळ्यांचीच. तुम्ही रोपं दाट उगवली की काय करता?"

"विरळणी."

"तसंच काहीसं. ती विरळणी यांच्यात कमी होते का, उशिरा होते का, नक्की माहीत नाही. लहान मुलांवर पुष्कळ अभ्यास झालाय. पण चिंतामणच्या वयाची मुलं फार कमी पाहिली गेलीत. मोठी झाली की कुणी त्यांच्याकडे येतच नाही."

हे मात्र खरं होतं. चिंतामणले मिशी फुटली तसे टोपीवाले, जडीबुटीवाले सगळे कमी झाले होते. लहान होता तोवर लोक त्याच्या गालाले तरी हात लावत. हे खरं होतं म्हणूनच शेखरले राग आला. खऱ्यात घोळून दिलेलं खोटं लवकर गळ्याखाली उतरते.

"म्हंजे तुमी त्याच्या डोक्यात विरळनी कराले आल्या का?"

"नाही रे बाबा. नुसतं बघायला. बांधावरून."

"मले टाका आत," शेखर म्हणला. "आंदी मले. मंग पाहू."

तो फळीवर पडला. मॅडमनं त्याच्या कपाळाले एक पट्टा बांधला. नळीत डोळ्यावर मोबाइलएवढी काच होती. "हिच्यावर व्हिडिओ दिसेल. डोकं हललं की तो आपोआप थांबतो. स्थिर झालं की पुन्हा सुरू. चिंतामणला मालगाडी आवडते असं तुझी आई म्हणाली, तीच लावते."

मालगाडी आली. मलकापूर स्टेशनावर उभं राहून चिंतामण तासन् तास पाहे, तसलीच. इंजिन गेलं, दोन डबे गेले, तिसऱ्या डब्याले गाडी थांबली. शेखरच्या नाकाले खाज आली होती. तो स्थिर झाला, गाडी निंघाली, परत थांबली. कानाशी ढर्र ढर्र. पाय सोताहून हलून राह्यला होता, शाळेत हले तसाच. अर्धा डबा. थांबली.

"तुमीच बंद करून राह्यल्या!" तो आतून ओरडला.

मॅडमनं दोन्ही हात नळीच्या तोंडाशी आणून हलवून दाखवले. रिकामे. ओरडल्यानं गाडी आणखी अडकली. वच्छलाबाई फिसकन हसली.

शेखर सोताच बाहेर आला, केस विस्कटलेले, कानशिलं लाल. "कोनाचीच नसंन जात पूर्न."

"चिंतामणची गेली. शेवटच्या गार्डाच्या डब्यापर्यंत. ती संपली आणि दुसरी लावा म्हणून त्यानं फळीवर टिचकी मारली. तेव्हाच तू आलास." त्यायनं पट्टा गुंडाळला. "भावंडांचे फोटोही आम्हाला हवे असतात. तुझा चालेल."

"अच्छा!" शेखरनं बोट रोखलं. "असं हाय तं! आता आलं ध्यानात. दोघंबी पायजे तुमाले."

"नाही म्हण. चालेल."

"नाहीच म्हनतो."

"बरं."

पुढं काहीच नाही. ना आग्रह, ना 'विचार कर बेटा'. शेखर दारापर्यंत गेला. पेच कुठी होता ते सापडत नव्हतं, आन् बिनपेचाची वस्तू त्यानं आजवर पाह्यली नव्हती. तो परत वळला.

"तो माह्यापाशी येऊन नाही राह्यला," तो म्हणला. हे त्याले सांगायचं नव्हतं. "जेवतबी नाही माह्या हातचं. तुमी केलं हे."

मॅडमनं हातातला पट्टा खाली ठेवला. मंग म्हणल्या, "ओढण्याआधी त्याला विचारलं होतंस?"

"त्याले काय विचारायचं? तो बोलते कुठी!"

"आम्ही विचारलं होतं. फळीवर तो स्वतः जाऊन झोपला."

शेखरनं दार असं आपटलं की इरा कान झाकून खाली बसली.

पुढचे दिवस त्यानं मोबाइलवर खऱ्या मशीनचे व्हिडिओ पाह्यले. त्यात लोहचुंबक असते, घरभर मोठं. कोणी पाना सोडला तं उडून जाऊन आतमध्ये चिकटला. लोखंडी खुर्ची फरफटत गेली. तो मायले दाखवे आन् माय म्हणे, "म्हंजे खरं मशीन खरंच हाय नं?" तो दुसरा व्हिडिओ लावे. चिंतामण बाजेखालून टक टक टक करे. शेखर दारात बसे, आत जात नसे. आत गेला की ती टकटक थांबे, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

अकोल्याले जायच्या सकाळी गाडी अंगणात आली. शेखर सकाळपासून शर्ट घालून तयार होता. "फोटोसाठी नोहे," त्यानं सगळ्यायले बजावलं. "मी नुसता पाहाले येऊन राह्यलो. काही वाकडं दिसलं तं तथीच तमाशा करीन." चिंतामण मालगाडीच्या नावानं गाडीपर्यंत आला, पण शेखर दाराशी दिसला तसा चार पावलं मागं सरकून तुळशीपाशी उभा राह्यला.

मॅडमनं मायले विचारलं, "ताई, पुन्हा विचारते. अंगावर धातूचं काही? चेन, अंगठी, पिन?"

"काई नाई बाई."

"समाजमंदिरातबी असंच सांगतलं का वं तू?" शेखर म्हणला.

"हाव. काई नाईच तं."

"करगोटा?"

माय त्याच्याकडं अशी पाहाले लागली, जसं त्यानं हाडं मोजाले सांगतली. "करगोटा काय धातू हाय का? करगोटा हाय तो."

खरंच, तिच्या मनात तो आलाच नव्हता. बारशाच्या दिवशी कमरेले काळा दोरा बांधते, तो माणसाच्या अंगाचाच होऊन जाते. करगोटा घातला असं कोणी म्हणत नाही, तो असतेच. आन् चिंतामणच्या करगोट्यात मायनं ताईत ओवला होता, पत्र्याच्या नळीचा, दोन्हीकडून झाकण ठोकलेला.

मॅडमचा चेहरा उतरला. "तो काढावा लागेल, ताई. आत जाण्याआधी तिथे पुन्हा तपासतातच, पण तिथे अनोळखी लोकांनी काढण्यापेक्षा—"

"नाई," माय म्हणली. "फोटो राहू द्या. करगोटा नाई निंघनार. तो हाय म्हनून तर माहं लेकरू रस्त्यावर गाड्यायतून वापस येते."

"बरं, मग राहू दे. काही हरकत नाही." मॅडमनं ड्रायव्हरले हातानं थांबवलं. "त्रास द्यायचा नाही त्याला."

शेखरले वाटलं, आता सुटलो. हेच तं पाहिजे होतं. तरी त्याचं तोंड त्याच्याआंदी बोललं. "माय, ते चुंबक लोखंड ओढते. पोटावर हाय तो त्याच्या. आजचा दिवस तुह्या मुठीत ठेव, आल्यावर बांध."

"तू कधीपासून त्यायच्या बाजूनं बे?"

"मी कोनाच्याच बाजूनं नाही! यायच्यावर माहा भरवसा नाही अजून!" तो मॅडमसमोरच ओरडला. "पन चुंबक तं चुंबक हाय नं!"

"आन् मधल्या टायमात काई झालं तं?"

"तं माह्या नावानं बोंब मार."

त्यानं रागारागात सोताचाच शर्ट वर केला, करगोट्यातला चांदीचा मणी धरून गाठ सोडली आन् दोरा मायच्या हातावर ठेवला. "हे घे. माहाबी ठेव. काढा माहाबी फोटो, एकदाचं होऊन जाऊ द्या." मंग तो तिथंच मातीत बसला, चिंतामणपासून लांब, आन् हात पालथे करून गुडघ्यावर ठेवले.

"भाऊ," तो म्हणला. आजवर त्यानं चिंतामणले सांगतलं होतं, धरलं होतं, वाचवलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. "भाऊ, काढू का? करगोटा? तू म्हन. नाही म्हनला तं नाही."

इंद्रभान कॅरेट ठेवून ओसरीत उभा राह्यला. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. चिंतामण मायच्या तळहातावरच्या काळ्या दोऱ्याकडं पाहत होता. त्यानं तो बोटानं ढकलून पाह्यला. मंग वास घेतला. लय वेळ तसाच उभा. शेखरच्या पायाले मुंग्या आल्या, नाक खाजवलं, पण त्यानं हात गुडघ्यावरून उचलला नाही.

चिंतामण आला. समोर येऊन उभा राह्यला आन् त्यानं सदरा वर केला, पार छातीपर्यंत.

वर्षानुवर्षाच्या आंघोळीनं गाठ दगडासारखी झाली होती. "पातं आन माय," शेखर हळू म्हणला. मायनं दाढीचं पातं आणून दिलं. शेखरनं एक बोट दोऱ्याच्या आन् कातड्याच्या मधात घातलं. तसा चिंतामणनं त्याच्या डोक्यावरचे केस मुठीत धरले आन् पिळले. डोळ्यातून पाणी आलं शेखरच्या. त्यानं मान हलवली नाही. पातं चाललं, दोरा तुटला, ताईत त्याच्या हातात पडला. चिंतामणच्या पोटावर जिथं तो राहत होता तिथं गोऱ्या कातडीची खूण उरली होती.

शेखरनं ताईत वर न पाहताच मायकडं केला. तिनं तो कपाळाले लावला, मुठीत धरला. पण चिंतामणनं केस सोडले नाहीत. तो तसाच, मुठीत शेखरचं डोकं घेऊन, गाडीकडं चालाले लागला, आन् शेखर कमरेत वाकून त्याच्यामागं.

"अगा शेखऱ्या, सोडवून तं घे," बाप म्हणला.

"राहू द्या. त्यानं धरलं, तोच सोडन." वाकूनच त्यानं मॅडमले विचारलं, "आत मशीनजवळ मी उभा राहीन नं? नाही म्हनसान तं आत्ताच सांगा."

"तुझ्याही अंगावर धातू नसेल तर उभा राहशील," मॅडम म्हणल्या.

"अरे, दोघंबी कधी येसान? जेवाले काय करू?" माय गाडीच्या दाराशी धावली, एका मुठीत दोन करगोटे.

"सरक माय, दार लावू दे," शेखर आतून वाकूनच म्हणला. "मले आता निंघा लागते."